महामार्गावरील शर्यत आणि स्वस्त खेळाची पारख

मातीचे मडके विकत घेताना आपल्याकडील वडीलधारी माणसे ते हातावर तोलून, बोटाच्या पेराने वाजवून पाहतात. मडके दिसावयास कितीही सुबक असो, आवाज बद्द आला की ते बाजूस ठेवावयाचे आणि खणखणीत आला तरच पैसे द्यावयाचे, असा त्यांचा नियम असतो. मडक्याची किंमत ती काय? तरीही ते वाजवून घेतले जाते. कारण गळके मडके घरी आले म्हणजे नुकसान केवळ चार पैशांचे होत नाही, रात्री भरून ठेवलेले पाणीही सकाळी नाहीसे झालेले असते.

आज हाच प्रश्न एका अगदी निराळ्या वस्तूविषयी आपल्या घरांतून उपस्थित होऊ लागला आहे. ती वस्तू म्हणजे व्हिडिओ गेम. संगणकावर, दूरदर्शन-संचास जोडलेल्या यंत्रावर किंवा मोबाइलवर खेळावयाच्या या खेळांत मोटारींच्या शर्यती मुलांना विशेष प्रिय. आणि त्यांतही रुंद महामार्गावर, इतर वाहनांच्या गर्दीतून वाट काढीत, भरधाव मोटार पळविण्याचे खेळ स्वस्तात व पुष्कळ मिळतात. वेष्टनावर लाल चकचकीत मोटार, मागे मावळता सूर्य आणि किंमत मात्र नामवंत खेळांच्या मानाने अगदी थोडी! असा खेळ घ्यावा की घेऊ नये?

या प्रश्नाचा निकाल घरोघर बहुधा दोन वाक्यांत लागतो. मुलगा किंवा मुलगी म्हणते, “बाबा, किती स्वस्त आहे बघा ना!” आणि वडील म्हणतात, “स्वस्त असला म्हणून काय झाले? पैसे पाण्यात घालायचे का?” गंमत अशी, की दोघांपैकी कोणीही त्या वेळी खेळाविषयी काही बोललेले नसते, दोघेही किमतीविषयीच बोलत असतात. येथे प्रश्न पैशांचा थोडा आणि विश्वासाचा अधिक असतो. पहिल्याच खरेदीत फसगत झाली, तर “तुला काय कळते त्यातले?” हे वाक्य पुढील कित्येक वर्षे ऐकावे लागते. उलट, मुलाने चार नेमकी कारणे सांगून खेळ निवडला आणि तो चांगला निघाला, तर घरात त्याच्या शब्दाला वजन येते. म्हणून या खरेदीची कारणे कशी शोधावीत, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

खेळ म्हणजे विकणारा व खेळणारा यांच्यामधील एक करार होय, असे म्हणावयास हरकत नाही. महामार्गावरील शर्यतीचा खेळ विकणारा आपणास सांगत असतो, की येथे रस्ता आहे, मोटार आहे, वेग आहे, धोका आहे आणि प्रतिस्पर्धी आहेत. हे पाच शब्द पडद्यावर खरे ठरले पाहिजेत. खेळ स्वस्त असेल तर रस्ता आखूड असला तरी चालेल, मोटारी दोनचारच असल्या तरी चालेल, झाडे आणि डोंगर साधे रंगविलेले असले तरीही चालेल. परंतु जे काही आहे ते खरे असले पाहिजे. थोडे देणे वेगळे आणि खोटे देणे वेगळे. या दोहोंतील भेद ओळखता येणे, हीच स्वस्त खेळाची पारख होय.

प्रथम ‘स्वस्त’ या शब्दाचीच थोडी फोड करू. बाजारातील स्वस्त खेळ दोन प्रकारचे असतात. काही खेळ मुळातच थोड्या खर्चात तयार करून थोड्या किमतीस विकावयास काढलेले असतात. काही खेळ मात्र मुळात महाग असतात. ते जुने झाले, त्यांचा पहिला बहर ओसरला, म्हणजे त्यांची किंमत उतरते. सोनी कंपनीने आपल्या प्लेस्टेशन यंत्रावरील गाजलेले खेळ युरोपात ‘प्लॅटिनम’ या नावाच्या स्वस्त मालिकेत पुन्हा विकावयास काढले होते, ते या दुसऱ्या प्रकारातले. दुसऱ्या प्रकारच्या खेळाची परीक्षा हजारो लोकांनी आधीच केलेली असते. त्यामुळे तो घेताना धोका कमी. पहिल्या प्रकारचा खेळ मात्र आपला आपणच तपासून घ्यावा लागतो.

परंतु थोड्या खर्चात केलेला खेळ वाईटच असणार, असेही समजू नये. इंग्लंडमध्ये १९८३ साली मास्टरट्रॉनिक नावाची कंपनी निघाली. त्या काळी तेथे संगणकाचे खेळ कॅसेटवर मिळत, आणि या कंपनीच्या कॅसेटची किंमत १.९९ पौंड, म्हणजे इतरांच्या मानाने फारच थोडी असे. या कंपनीसाठी खेळ लिहून देणाऱ्यांत रिचर्ड व डेव्हिड डार्लिंग हे दोन तरुण बंधू होते. त्यांनीच १९८६ साली कोडमास्टर्स ही संस्था काढली. सायकलींच्या शर्यतीच्या स्वस्त खेळापासून आरंभ करून या संस्थेने पुढे १९९७-९८ च्या सुमारास मोटार-शर्यतींचे असे खेळ काढले, की त्यांची गणना त्या प्रकारातील उत्तम खेळांत झाली. तेव्हा स्वस्त किंमत हा दोष नव्हे. तो गुणही नव्हे. किंमत ही केवळ किंमत आहे. परीक्षा खेळाचीच करावयास हवी.

आता खोटे देणे म्हणजे काय, याचे एक प्रसिद्ध उदाहरण पाहू. अमेरिकेत नोव्हेंबर २००३ मध्ये ‘बिग रिग्ज : ओव्हर द रोड रेसिंग’ नावाचा संगणकावरील एक स्वस्त खेळ विक्रीस आला. तो स्टेलर स्टोन या कंपनीने तयार केला व गेममिल या प्रकाशन-संस्थेने प्रसिद्ध केला. अमेरिकेच्या लांबलचक रस्त्यांवर मोठमोठ्या मालमोटारी पळवावयाच्या, पोलिसांना हुलकावणी देत माल पोहोचवावयाचा, अशी आकर्षक कल्पना वेष्टनावर छापलेली होती. कल्पना खरोखरच चांगली. पण खेळ सुरू केला की काय दिसे? पोलीस कोठेच नाहीत. पोहोचवावयाचा मालही नाही. प्रतिस्पर्ध्याची मालमोटार शर्यत सुरू झाली तरी जागची हलत नाही. आपली मालमोटार घरांतून आणि झाडांतून, जणू ती धुक्याची बनलेली असावीत अशी, आरपार निघून जाते. पुलावर गेली तर पुलातून खाली जाते. उभ्या कड्यावर तितक्याच वेगाने चढते. पुढे जाण्याच्या वेगास काही मर्यादा आहे, परंतु गाडी उलटी चालविली तर वेग अमर्याद वाढत जातो आणि कळ सोडताच त्याच क्षणी ती थांबते. आणि अखेरीस, ज्या शर्यतीत प्रतिस्पर्धी हललाच नाही ती शर्यत संपली, की पडद्यावर एक चषक दिसतो व त्याखाली ‘तुम्ही विजेते आहात’ या अर्थाचे वाक्य दिसते. आणि तेही चुकलेल्या इंग्रजीत!

पुढे कंपनीने या खेळात दुरुस्ती केली. तीनंतर प्रतिस्पर्धी धावू लागला खरा. परंतु अंतिम रेषेच्या अलीकडेच थांबू लागला. म्हणजे हरणे तरीही अशक्यच राहिले. गेमस्पॉट या समीक्षा करणाऱ्या संकेतस्थळाने २००४ च्या आरंभी या खेळास आपल्या मापातील सर्वांत कमी गुण, म्हणजे १० पैकी १ दिला. निरनिराळ्या समीक्षकांच्या गुणांची सरासरी काढणाऱ्या मेटाक्रिटिक या संकेतस्थळावर या खेळाचे गुण १०० पैकी ८ आहेत. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, ही म्हण याहून अधिक चपखल कोठे लागू पडेल?

या खेळात नेमके काय बिघडले होते, ते ध्यानात घेण्यासारखे आहे. त्याची चित्रे फार साधी होती, हा त्याचा खरा दोष नव्हे. त्यातील रस्ते थोडे होते, हाही नव्हे. दोष असा, की आपल्या कृतीस त्या जगात काही अर्थच नव्हता. ब्रेक दाबला काय आणि न दाबला काय, रस्त्यावर राहिले काय आणि डोंगर चढून गेले काय, शेवटी चषक मिळावयाचाच. जेथे हरता येत नाही, तेथे जिंकताही येत नाही.

याच्या उलट उदाहरण त्याहून २० वर्षे जुने आहे. १९८३ साली अ‍ॅक्टिव्हिजन कंपनीने अटारी २६०० या घरगुती यंत्रासाठी ‘एन्ड्युरो’ नावाचा मोटारीचा खेळ काढला. त्याचा कर्ता लॅरी मिलर. ज्या यंत्रावर तो चालावयाचा त्या यंत्राची कामाची मेमरी अवघी १२८ बाइट! ही किती थोडी, याची कल्पना यावी म्हणून एक हिशेब करू. आजचे संगणक देवनागरीतील एक चिन्ह साठविण्यास सामान्यतः ३ बाइट खर्च करतात; त्या मानाने १२८ बाइटांत ४२ चिन्हे मावतील. म्हणजे या परिच्छेदातील एखादे मध्यम वाक्यही त्यात पुरते बसणार नाही.

एवढ्याशा जागेत त्या खेळाने काय दिले? पहिल्या दिवशी २०० मोटारींना मागे टाकावयाचे, नंतरच्या दिवसांत ३०० मोटारींना. आणि दिवस संपण्यापूर्वी ती संख्या गाठली नाही तर खेळ संपला. वाटेत ऋतू आणि वेळ पालटतात. बर्फ पडले म्हणजे मोटार घसरू लागते. धुके आले म्हणजे पुढचा थोडाच रस्ता दिसतो. रात्र झाली की पुढच्या मोटारी दिसेनाशा होतात आणि त्यांचे मागचे दिवे तेवढे चमकतात. चित्रे म्हणाल तर काही रंगीत ठोकळे. पण धुक्यात पाहिजे तसा वेग कमी न केल्यास समोरची मोटार एकदम अंगावर येते, आणि धडकले तर वेळ जातोच जातो. साधने अगदी तुटपुंजी, तथापि दिलेला शब्द पुरता पाळलेला. हे थोडे देणे झाले. खोटे देणे नव्हे.

खोटे देण्याचा परिणाम केवळ एका गिऱ्हाइकापुरता राहत नाही, हेही त्याच वर्षाने अमेरिकेत दाखवून दिले. त्या सुमारास तेथील दुकानांत घाईघाईने केलेल्या खेळांचा महापूर आला होता. कोणता खेळ बरा व कोणता टाकाऊ, हे वेष्टनावरून कळेना. न खपलेला माल दुकानदार मिळेल त्या किमतीस काढू लागले. आणि लोकांचा विश्वासच उडाला. घरगुती व्हिडिओ गेमची तेथील उलाढाल १९८३ साली सुमारे ३२० कोटी डॉलर होती, ती १९८५ पर्यंत सुमारे १० कोटी डॉलरवर घसरली, असे सांगतात. विश्वास उडाला म्हणजे चांगल्या मालासही गिऱ्हाईक मिळत नाही. पारखून घेणारे गिऱ्हाईक हे यासाठीच चांगल्या कारागिराचे खरे मित्र असते.

तर आता प्रत्यक्ष कसोट्यांकडे वळू. महामार्गावरील शर्यतीच्या खेळास पाच कसोट्या लावाव्यात.

पहिली कसोटी हाताची. कळ दाबल्यावर मोटार किती लवकर वळते? येथे थोडे गणित उपयोगी पडते. ताशी १०८ किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात ३० मीटर जाते. पडद्यावरील चित्र सेकंदास ६० वेळा बदलत असेल, तर दोन चित्रांच्या दरम्यान ती अर्धा मीटर सरकते. ३० वेळा बदलत असेल तर १ मीटर. परंतु खेळ अडखळू लागला व हाताची आज्ञा मोटारीस पोहोचण्यास सेकंदाचा दहावा भाग अधिक लागला, तर तेवढ्यात मोटार ३ मीटर पुढे गेलेली असते; म्हणजे जवळजवळ एका लहान मोटारीच्या लांबीइतकी. मग समोरच्या ट्रकवर आपण आदळलो तो आपल्या चुकीने की खेळाच्या दिरंगाईने, हे सांगता येत नाही. खेळणाऱ्यास स्वतःच्या चुकीचा राग येतो आणि तो पुन्हा प्रयत्न करतो. खेळाच्या चुकीचा राग येतो तेव्हा तो खेळ बंद करतो.

दुसरी कसोटी भिंतीची. रस्त्याकडेचा कठडा, पुलाचा खांब, समोरून येणारी बस यांना धडकल्यावर काय होते? संगणकास भिंत आपोआप ‘लागत’ नाही. प्रत्येक चित्राच्या वेळी मोटारीची जागा व भिंतीची जागा एकमेकींत शिरल्या काय, हे त्यास गणिताने तपासावे लागते. समजा, मोटार ताशी २१६ किलोमीटर वेगाने, म्हणजे सेकंदास ६० मीटर धावत आहे, आणि ही तपासणी सेकंदास ३० वेळा होते. तर दोन तपासण्यांच्या दरम्यान मोटार २ मीटर पुढे जाते. खेळ केवळ तिच्या पुढच्या टोकाची जागा पाहत असेल आणि भिंत १ मीटर जाडीची असेल, तर एका तपासणीच्या वेळी ते टोक भिंतीच्या अलीकडे व दुसऱ्या वेळी पलीकडे, असे होऊ शकते. मध्ये भिंत होती याची संगणकास वार्ताही नसते! काळजीपूर्वक काम करणारा कारागीर केवळ दोन जागा न तपासता त्यांमधील सारा मार्ग तपासतो. हे काम बाहेरून दिसत नाही, वेष्टनावर छापताही येत नाही. म्हणूनच कारागिराचा प्रामाणिकपणा ओळखण्याची ही सर्वांत चांगली जागा आहे.

तिसरी कसोटी सोबत्यांची. महामार्गावर आपण एकटे नसतो. इतर वाहने एकाच ओळीत, एकाच वेगाने, खेळण्यातल्या आगगाडीप्रमाणे जातात, की कोणी ओळ बदलते, कोणी मंदावते, कोणी इशारा देते? प्रतिस्पर्धी खरोखर शर्यत करतात काय? काही खेळांत आपण मागे पडलो की प्रतिस्पर्धी आपोआप मंदावतात व पुढे गेलो की अचाट वेगाने मागे येऊन भिडतात. जणू काही त्यांना आपल्याशी रबराने बांधले असावे. थोड्या प्रमाणात ही युक्ती शर्यत रंगतदार करते. अति झाली म्हणजे मात्र पहिल्या चार मिनिटांचे सारे कौशल्य व्यर्थ ठरते व निकाल शेवटच्या वळणावरच लागतो. बिग रिग्जमधील न हलणारा प्रतिस्पर्धी आणि हा रबराने बांधलेला प्रतिस्पर्धी, दोघेही एकाच कुळातले. दोघेही शर्यत करीत नाहीत.

चौथी कसोटी रस्त्याची. तो पुढे काही नवे दाखवितो काय? १९८६ साली जपानच्या सेगा कंपनीने ‘आउट रन’ हा खेळ काढला. त्याचा कर्ता यू सुझुकी. या खेळात एका फेरीत पाच टप्पे असत व प्रत्येक टप्प्याच्या शेवटी रस्त्याला फाटा फुटे. डावीकडे जावयाचे की उजवीकडे, हे खेळणाराच ठरवी. सबंध खेळात टप्पे १५ च. परंतु चार वेळा दोहोंतून एक निवडावयाचे असल्यामुळे वाटा होत १६, आणि शेवट पाच. थोड्या सामग्रीतून पुष्कळ विविधता कशी काढावी, याचा हा उत्तम नमुना होय. याउलट, ‘शंभर शर्यती’ अशी जाहिरात असलेल्या खेळात तोच रस्ता कधी सकाळी, कधी सायंकाळी व कधी उलट दिशेने दाखविला असेल, तर ती संख्या शंभर असूनही अनुभव एकच. तेव्हा किती शर्यती आहेत, हे न विचारता किती निराळे रस्ते आहेत, हे विचारावे.

पाचवी कसोटी धोक्याची. धाडसास काही मोल आहे काय, आणि चुकीस काही दंड आहे काय? क्रायटेरियन या संस्थेने २००१ साली केलेल्या ‘बर्नआउट’ या खेळात समोरून येणाऱ्या वाहनांच्या बाजूने गेल्यास, किंवा दुसऱ्या वाहनास अगदी निसटता चुकविल्यास, अधिक वेग घेण्याची शक्ती साठत जाई. परंतु धडक बसली तर नुकसानही तितकेच. त्यामुळे प्रत्येक क्षणी मनाशी हिशेब करावा लागे. लाभ आणि हानी यांचे पारडे असे समतोल असले म्हणजेच खेळात जीव येतो. अर्थात्, हे मोल पडद्यापुरतेच. पडद्यावरील धडकेचा दंड चारपाच सेकंदांचा असतो. खऱ्या महामार्गावर त्याची भरपाई होत नाही, आणि हे न कळण्याइतके आपले वाचक अजाण नाहीत.

या कसोट्या खरेदीपूर्वी लावावयाच्या कशा, हा प्रश्न उरतो. मडके दुकानात वाजविता येते. खेळ कसा वाजवावा? त्याचेही मार्ग आहेत. काही खेळांचा थोडा भाग नमुन्यादाखल विनामूल्य खेळावयास मिळतो. मिळत असेल तर तो प्रथम घ्यावा. नसेल तर कोणी तरी तो खेळ खेळत असतानाचे, न कापलेले दहापंधरा मिनिटांचे चित्रण पाहावे. कंपनीची जाहिरात पाहून काही कळत नाही. तीत निवडक क्षणच जोडलेले असतात. चित्रण पाहताना मोटारीच्या रंगाकडे न पाहता चार गोष्टी पाहाव्यात : धडकेचा क्षण, वळणावरील वागणूक, गर्दीत चित्र अडखळते काय, आणि शर्यतीचा शेवट.

समीक्षा वाचतानाही असाच विवेक हवा. ‘अप्रतिम’ किंवा ‘भिकार’ या शब्दांनी आपणास काहीच कळत नाही. ‘तिसऱ्या शर्यतीनंतर नवा रस्ता आला नाही’, ‘कठड्यास घासल्यावर मोटार अडकून बसते’, असे नेमके वाक्य मात्र सोन्याच्या मोलाचे. परीक्षकाने कोणत्या यंत्रावर व किती वेळ खेळून पाहिले, हेही पाहावे. खेळ चालण्यास किमान कसे यंत्र लागते, ते विक्रीच्या ठिकाणी लिहिलेले असते. ते आपल्या घरच्या यंत्राशी ताडून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. ‘किमान’ म्हणजे खेळ कसाबसा चालेल एवढेच. नीट चालण्यास त्याहून बरे यंत्र सुचविलेले असते. शिवाय अमेरिकेत १९९४ पासून आणि युरोपात २००३ पासून खेळ कोणत्या वयास योग्य, याची खूण वेष्टनावर देण्याची व्यवस्था आहे. पालकांनी ती खूण पाहण्याची सवय ठेवावी.

पैसे परत मिळण्याचे नियमही आधीच वाचावेत. उदाहरणार्थ, संगणकावरील खेळ विकणाऱ्या स्टीम या दुकानाने जून २०१५ पासून असा नियम केला आहे, की खरेदीपासून १४ दिवसांच्या आत, आणि खेळ २ तासांपेक्षा कमी खेळला असल्यास, पैसे परत मागता येतात. असे दोन तास हाती असतील तर ते मौजेत न घालविता परीक्षेत घालवावेत. पहिल्या दहा मिनिटांत मुद्दाम भिंतीवर आदळून पाहावे. प्रारंभरेषेवर स्वस्थ उभे राहून प्रतिस्पर्धी काय करतात ते पाहावे. रस्ता सोडून बाहेर जाऊन पाहावे. मुद्दाम हरून पाहावे. खेळ हरू देतो काय, हे तपासल्याखेरीज त्याच्या चषकाला काही किंमत नाही.

आणखी एक सावधगिरी. मोबाइलवरील कित्येक खेळ फुकट किंवा नाममात्र किमतीस मिळतात. परंतु चार शर्यती झाल्या की इंधन संपते, आणि मग एक तर तासभर थांबावे लागते, नाही तर पैसे द्यावे लागतात. मध्येच जाहिराती येतात. नवी मोटार हवी, पैसे द्या. नवा रस्ता हवा, पैसे द्या. अशा खेळाची किंमत दारावर लिहिलेली नसते. ती आतल्या प्रत्येक खोलीत थोडी थोडी वसूल होते. म्हणून ‘किंमत किती?’ या प्रश्नाबरोबरच ‘पुढे काय काय विकत घ्यावे लागेल?’ हा प्रश्न विचारलाच पाहिजे, आणि आईवडिलांच्या मोबाइलवर खेळताना त्यांना न विचारता एकही खरेदी करता कामा नये.

शेवटी हिशेब. समजा, एक खेळ ३०० रुपयांस मिळाला व तो आपण आवडीने १५ तास खेळलो. तर ताशी खर्च २० रुपये झाला. दुसरा १०० रुपयांस मिळाला, पण अर्ध्या तासात कंटाळून बंद केला. तर ताशी खर्च २०० रुपये. महाग कोणता? तथापि हा हिशेबही डोळे मिटून करू नये. तोच रस्ता शंभर वेळा तुडवावयास लावून खेळ तास वाढवू शकतो. केवळ तास नव्हे, आवडीचे तास मोजावयाचे. विद्यार्थ्याचा वेळ हादेखील खर्चच आहे; तो पैशांहून दुर्मीळ, आणि कोणतेही दुकान तो परत देत नाही.

एवढा विचार केल्यावर निकाल तिनांपैकी एक लागतो. हात, भिंत व सोबती या पहिल्या तीन कसोट्यांत खेळ उतरत नसेल तर तो फुकट मिळाला तरी घेऊ नये. कारण तेथे शर्यतच नाही. या तिन्हींत उतरत असेल, परंतु रस्ते थोडे किंवा धोक्याची गंमत कमी असेल, तर तो किंमत उतरल्यावर घ्यावा. घाई करू नये. पाचही कसोट्यांत उतरत असेल तर चित्रे साधी आहेत, नाव प्रसिद्ध नाही, म्हणून त्यास नाके मुरडू नयेत. थोड्या साधनांत प्रामाणिक काम करणाऱ्या कारागिरास चार पैसे मिळाले, तर तो पुढे अधिक चांगले काम करील.

विद्यार्थिमित्रहो, पुढच्या वेळी असा खेळ आपणास हवासा वाटला, तर घरी ‘स्वस्त आहे’ एवढेच सांगू नका. कागदावर पाच कसोट्या लिहा, प्रत्येकीपुढे आपण काय पाहिले ते एका वाक्यात लिहा, खाली आपला निकाल लिहा आणि तो कागद वडिलांच्या किंवा आईच्या हाती द्या. निकाल ‘घेऊ नये’ असा असेल तरीही द्या; किंबहुना तो तसा असेल तर अवश्य द्या. आपल्या मुलास एखादी हवीशी वस्तू स्वतः तपासून नाकारता येते, हे ज्या आईवडिलांनी एकदा पाहिले, ते त्याची पुढची मागणी अधिक आस्थेने ऐकतील.